शेवटच्या युनिटचा दर

प्रति,
मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

महोदय,


घरात एलईडी बल्ब लावणे परवडते का, हा प्रश्न आपल्या खात्याच्या लेखी कधीच निकालात निघाला आहे. ५ जानेवारी २०१५ रोजी उजाला योजना सुरू झाली, देशभरात छत्तीस कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले, त्यांतले दोन कोटींहून जास्त एकट्या महाराष्ट्रात. आकडे फलकांवर झळकले, छायाचित्रे निघाली, विषय संपला. इलेक्ट्रिकच्या दुकानात मात्र तो संपलेला नाही. तिथे अजूनही गिऱ्हाईक विचारते, "हा शंभराचा घेऊ की तो वीसाचा? बिल खरंच कमी येतं का हो?" दुकानदार "येतं की!" म्हणतो आणि खोके पुढे सरकवतो. त्याचे उत्तर खोटे नाही, पण अर्धे आहे. किती कमी येते, हे तो सांगू शकत नाही, कारण ते बल्बवर कमी आणि गिऱ्हाइकाच्या बिलावर जास्त अवलंबून आहे. ते बिल आपले खाते छापते.

आधी सरळ हिशेब मांडतो. साठ वॅटचा तारेचा बल्ब जेवढा उजेड देतो, त्याहून थोडा जास्तच उजेड नऊ वॅटचा एलईडी देतो. एक्कावन्न वॅटचा फरक. रोज पाच तास दिवा जळला तर महिन्याला साडेसात युनिटांपेक्षा थोडी जास्त वीज वाचते. इथपर्यंत कोणीही येऊन पोचतो. पुढचा गुणाकार करताना घोटाळा होतो. साडेसात युनिटे कशाने गुणायची? बहुतेक जण बिलाच्या रकमेला युनिटांनी भागतात आणि येईल तो सरासरी दर धरतात. काही जण शंभर युनिटांच्या पहिल्या टप्प्याचा दर धरतात. दोन्ही चूक. वाचलेले युनिट बिलाच्या वरच्या टोकातून कमी होते, म्हणून त्याची किंमत त्या टोकाच्या दराने ठरते.

महावितरणच्या घरगुती ग्राहकाला पहिल्या शंभर युनिटांसाठी वीज आकार, वहन आकार आणि सोळा टक्के वीज शुल्क मिळून युनिटमागे साधारण सात रुपये पडतात. एकशे एकपासून तीनशेपर्यंतच्या युनिटाला हेच सगळे धरून बारा-तेरा रुपये. (मुंबईत बेस्ट, टाटा आणि अदानी यांचे दर वेगळे आहेत, पण टप्प्यांची रचना अशीच.) तेव्हा महिन्याला नव्वद युनिटे जाळणाऱ्या घरात त्या एका बल्बने पन्नास-पंचावन्न रुपये वाचतात आणि दीडशे युनिटे जाळणाऱ्या घरात शंभराच्या आसपास. एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतलेला तोच बल्ब शेजारच्या दोन घरांत एकाला महिन्याभरात पैसे परत देतो, दुसऱ्याला दोन महिन्यांत. दोघांचाही फायदाच आहे, पण तो किती हे दोघांपैकी एकालाही ठाऊक नसते.

इथे एक मोठा गैरसमज आहे आणि तो शिकलेल्या घरांतही भेटतो. शंभराचा आकडा ओलांडला की सगळीच युनिटे महाग दराने लागतात, असे लोक धरून चालतात. तसे नाही. पहिली शंभर स्वस्त दरानेच लागतात, वरची तेवढी महाग. पण हा गैरसमज असल्यामुळे माणसे एक तर महिनाअखेरीस मीटरजवळ जाऊन उगाच घाबरतात, नाही तर "शंभराच्या वर गेलोच आहोत, आता काय फरक पडतो" म्हणून हात सोडून देतात. फरक नेमका तिथेच पडतो. दरांचा तक्ता बिलावर असतो, नाही असे नाही. पण तो बारीक अक्षरात असतो. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क अशा पाच ओळी घेऊन त्यांची बेरीज-टक्केवारी करायला घरातले कोणी बसत नाही. गणित जमत नाही असे नाही. संध्याकाळी सातला स्वयंपाक चाललेला असताना ते कोणी करत नाही, इतकेच.

तर माझी पहिली आणि मुख्य मागणी ही. प्रत्येक घरगुती बिलावर ठळक अक्षरात एक ओळ छापा: "तुमचा वरचा टप्पा अमुक. या टप्प्यातले एक युनिट वाचवल्यास सर्व आकार धरून अमुक रुपये वाचतील." एवढेच. जाहिरात नको, मुख्यमंत्र्यांचा फोटो नको. ही एक ओळ वाचल्यावर कोणता दिवा बदलायचा, कोणता राहू द्यायचा, हे घरातली बाई महावितरणच्या अभियंत्याहून चांगले ठरवील.

कारण सगळेच दिवे बदलण्याच्या लायकीचे नसतात. माळ्यावरचा दिवा दिवसाला दहा मिनिटे लागतो. तो साठ वॅटचा असला तरी वर्षभरात त्याच्या जागी एलईडी बसवून तीन युनिटे वाचतील. तिथे घाई नको. घरात धडधाकट सीएफएल असेल तर ती काढून एलईडी लावण्यातही फारसे हशील नाही. पंधरा आणि नऊ वॅटमधला फरक सहा वॅट, महिन्याला एक युनिट धड होत नाही. सीएफएल आपल्या मरणाने जाऊ द्यावी. तिच्यात थोडा पारा असतो, त्यामुळे मरण आल्यावर तिला ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नये, हेही खरे. पण ती कुठे द्यायची, हे माझ्या शहरात विचारले तर चार जण चार दिशा दाखवतात. ई-कचऱ्याच्या नियमांत पारायुक्त दिवे २०१६पासून आहेत. वीजबिल भरणा केंद्रात एक जाड पुठ्ठ्याचे खोके ठेवले आणि "जुनी ट्यूब, सीएफएल इथे ठेवा" असे लिहिले, तर लोक आणून ठेवतील. बिल भरायला माणूस तिथे येतोच.

याउलट ज्यांच्याकडे कोणाचे लक्षच जात नाही असे दिवे खरे खाऊ असतात. झिरोचा बल्ब घ्या. त्याला झिरो म्हणतात, पण तो बारा ते पंधरा वॅट खातो. जुन्या चकतीच्या मीटरवर एवढा बारीक भार एकटा असला तर चकती हलल्यासारखी दिसत नसे, म्हणून तो फुकट जळतो अशी समजूत रुजली. आताचे इलेक्ट्रॉनिक मीटर काही सोडत नाहीत. कितीतरी घरांत देवघरातला लाल किंवा केशरी झिरो चोवीस तास चालू असतो. पंधरा वॅट, चोवीस तास, तीस दिवस: महिन्याला जवळजवळ अकरा युनिटे. बैठकीच्या खोलीतल्या ज्या बल्बची सगळे चर्चा करतात त्याच्यापेक्षा जास्त! अर्ध्या वॅटचा एलईडी झिरो लावला तर हीच अकरा युनिटे अर्ध्या युनिटाच्याही खाली येतात. वरच्या टप्प्यातल्या घराला महिन्याला सव्वाशे रुपयांच्या वर वाचतात, ते तीस-चाळीस रुपयांच्या वस्तूने. देवापुढचा दिवा कोणी बंद करावा असे मी म्हणणार नाही. तसे सुचवले तर घरात टिकाव लागायचा नाही.

दुसरी जुनी ट्यूब. चाळीस वॅटची म्हणून घेतलेली ट्यूब तांब्याच्या चोकसकट पन्नास-पंचावन्न वॅट ओढते. चोक हाताला गरम लागतो ना, ती आपणच पैसे मोजलेली वीज. तिच्या जागी वीस वॅटची एलईडी पट्टी लावली तर महिन्याला पाचेक युनिटांचा फरक पडतो आणि स्टार्टरची फडफड जाते ती वेगळीच. आपल्याकडे ग्रामपंचायतींची कार्यालये, पतसंस्था, शाळांचे वर्ग अजून या चोकवाल्या ट्यूबांवर चालतात. उजालाचे फलक बहुधा त्याच इमारतींवर लागले होते.

आता दर्जाविषयी. इथे मला आपल्याशी थोडे भांडायचे आहे.

केंद्राच्या एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेडने, म्हणजे ईईएसएलने, घाऊक खरेदी करून एलईडीचा भाव कसा पाडला, ती गोष्ट खरोखर अभिमानाची आहे. २०१४च्या सुरुवातीला एका बल्बची खरेदी किंमत ३१० रुपये होती, २०१६पर्यंत ती ३८ रुपयांवर आली. त्याआधी २००९मध्ये बचत लॅम्प योजनेत पंधरा रुपयांत सीएफएल देण्याचा प्रयत्न झाला होता. कार्बन क्रेडिट विकून उरलेले पैसे भरून निघतील, असा तिचा आधार होता. क्रेडिटचा जागतिक बाजार कोसळला आणि योजना आटोपली. उजालाने अनुदानाचाही आधार घेतला नाही. मोठ्या संख्येने मागणी नोंदवून कारखानदारांना भाव खाली आणायला लावले. नंतर खाजगी कंपन्यांनाही आपले भाव उतरवावे लागले. हे सगळे मान्य.

पण भाव उतरला की बल्बातले काहीतरी उतरते. एलईडीचे मणी सहसा आधी मरत नाहीत. मरते ती त्यांच्या मागची छोटी चकती, जिला कारागीर ड्रायव्हर म्हणतात आणि जी २३० व्होल्टची वीज मण्यांना पचेल अशी करते. तिच्यावरचा कपॅसिटर उष्णतेने सुकतो. बंद काचेच्या गोळ्यात बसवलेला बल्ब म्हणूनच लवकर जातो. गावाकडे न्यूट्रल सुटला किंवा रात्री अचानक दाब वाढला की एका झटक्यात गल्लीतले पाच-सहा बल्ब जातात, कारण स्वस्त बल्बात झटका झेलणारा भाग वगळलेला असतो. मणी एकामागोमाग एक जोडलेले असतात, त्यामुळे एक जळला की सगळा बल्ब काळोखा. तालुक्याच्या गावांत फूटपाथवर बसलेले कारागीर वीस रुपयांत तो मेलेला मणी डाग देऊन ओलांडतात. बल्ब पेटतो, पण आता उरलेल्यांवर जास्त भार पडतो, आणि गिऱ्हाईक काही महिन्यांनी परत येते. तो कारागीर फसवत नाही. त्याच्या हातात तेवढेच आहे.

खोक्यावर मात्र २५,००० तास लिहिलेले असते. रोज पाच तास धरले तर तेरा वर्षांच्या वर. त्याच खोक्याच्या दुसऱ्या बाजूला वॉरंटी एक किंवा दोन वर्षांची. पहिल्या आकड्यावर कंपनीचाच विश्वास असता तर दुसरा आकडा एवढा लहान का? त्याचे कारण असे की पंचवीस हजार तास बल्ब जाळून कोणी पाहत नाही, त्याला पावणेतीन वर्षे लागतील. मण्यांची साधारण सहा हजार तास चाचणी घेतात, उजेड किती घटला ते मोजतात आणि तो सत्तर टक्क्यांवर केव्हा येईल याचे पुढचे गणित कागदावर करतात. ड्रायव्हर केव्हा जाईल, याचा त्या गणितात हिशेब नसतो.

आणि हे परवान्याच्या बल्बांविषयी झाले. एलईडी बल्बला आयएस १६१०२ या मानकाप्रमाणे नोंदणी सक्तीची आहे, ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारे २०१८पासून सक्तीचे आहेत. तरी आठवडी बाजारात विनातारा, विनानोंदणी माल खुलेआम मिळतो. २०१७मध्ये नीलसन संस्थेने मुंबई, दिल्ली, अहमदाबाद आणि हैदराबाद इथल्या दुकानांची पाहणी केली, तेव्हा एलईडी बल्बच्या ७६ टक्के ब्रँडनी ग्राहकसुरक्षेचे निकष पाळलेले नव्हते. ती पाहणी दिवे बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या संघटनेसाठी होती, म्हणजे त्यांचा स्वार्थ त्यात होताच. मग सरकारने स्वतःची पाहणी का करू नये? ऊर्जा संवर्धन कायद्याखाली राज्यात ही जबाबदारी महाऊर्जा या सरकारी संस्थेकडे आहे. बाजारातून बल्ब विकत घ्यावेत, तपासावेत आणि निकाल ब्रँडच्या नावानिशी मराठीत प्रसिद्ध करावेत. कंपन्या आरडाओरडा करतील. करू द्यावा.

जुलै २०२२मध्ये एलईडीवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून अठरा झाला, तेव्हा राज्याने जीएसटी परिषदेत काही म्हटले असेल तर आमच्या कानावर आले नाही. एकीकडे फलक, दुसरीकडे वाढीव कर, आणि मधल्या गिऱ्हाइकाने वीस रुपयांचा तारेचा बल्ब उचलला तर दोष त्याचा म्हणायचा.

तारेच्या बल्बाविषयी आणखी एक गोष्ट. त्यावर सरसकट बंदी घाला असे सांगणारे लोक अधूनमधून भेटतात. केरळने २०२०मध्ये तारेचे बल्ब आणि सीएफएल या दोहोंच्या विक्रीवर बंदीची घोषणा केली होती, तिचा दाखला ते देतात. मला हा आग्रह तेवढा पटत नाही. कोंबडीपालन करणारे पहिले काही दिवस पिलांना ऊब द्यायला हेच बल्ब लावतात. त्यांना उजेड नकोच असतो, उष्णता हवी असते, आणि तारेचा बल्ब नव्वद टक्क्यांच्या वर वीज उष्णतेतच घालवतो. त्यांच्या लेखी तो उत्तम शेगडी आहे. घरात मात्र हीच उष्णता एप्रिल-मे महिन्यात आधी बल्बाने आत सोडायची आणि मग पंख्याने बाहेर ढकलायची, असा दुहेरी खर्च होतो. थंड देशांतले लोक म्हणतात की जुन्या बल्बाची उष्णता हिवाळ्यात वाया जात नाही. ते त्यांच्याकडे असेल. जळगाव-अकोल्यात ती सबब चालत नाही.

दिव्याची बचत राज्याच्या दृष्टीनेही साध्या युनिटाची नाही. फ्रिज चोवीस तास चालतो, पंप आता दिवसा सौर विजेवर चालवण्याची योजना आहे, स्मार्ट मीटरवाल्या घरांना दिवसा नऊ ते पाच सवलतीचा दर आहे. दिवा मात्र सूर्य मावळला की लागतो, म्हणजे सौर प्रकल्प हात वर करतात नेमक्या त्या घटकेला. तेव्हा भार पडतो चंद्रपूर-कोराडीच्या कोळशावर आणि कोयनेच्या पाण्यावर. शिवाय वीजकेंद्राचा स्वतःचा वापर आणि वाटेतली गळती धरली तर घरात एक युनिट पोचवायला तिकडे सव्वा युनिट तरी तयार करावे लागते. दिवसाच्या युनिटापेक्षा संध्याकाळचे वाचलेले युनिट राज्याचा जास्त खर्च वाचवते. तरी या वाचणाऱ्या युनिटासाठी खाते गेल्या काही वर्षांत काही खर्च करताना दिसत नाही.

उलट बाजूही सांगून टाकतो. शहरांतल्या नव्या फ्लॅटांत पीओपीच्या छतात पंधरा-वीस दिवे, कडेने पट्ट्या, टीव्हीच्या मागे निळी रेघ. एलईडी आहे, वीज कुठे खातो, असे म्हणत सगळे एकदम चालू. पूर्वीच्या एका ट्यूबचे काम आता दीडशे वॅट करतात. ही माणसे बचतीच्या दिव्याने जास्त वीज जाळतात आणि त्यांना कोणी काही सांगू शकत नाही. सांगूही नये. बिलावरची ती ओळ सांगेल.

ज्यांच्यासाठी मी हे पत्र लिहायला घेतले ती माणसे मात्र वेगळी आहेत. दारिद्र्यरेषेखालच्या वीजग्राहकाला सवलतीचा दर मिळतो, पण वर्षाला ३६० युनिटांच्या मर्यादेत, म्हणजे महिन्याला तीस. नंदुरबार, पालघर, गडचिरोलीच्या पाड्यांवरच्या एखाद्या घरात साठ वॅटचे दोन बल्ब पाच तास जळले तर अठरा युनिटे त्यांतच गेली. उन्हाळ्यात एक पंखा रात्रीचे आठ तास फिरला की आणखी अठरा. त्या महिन्याचे तीस ओलांडले, आणि असे महिने वाढले की वर्षाची मर्यादाही ओलांडते. त्याच घरात नऊ वॅटचे दोन एलईडी असतील तर दिव्यांची तीन युनिटेही होत नाहीत, पंखा धरून एकवीस, आणि मोबाइल, टीव्ही यांना जागा उरते. सवलत गमावली की दर तर वाढतोच, शिवाय वीज न वापरताही दरमहा शंभराच्या वर स्थिर आकार लागू होतो. म्हणजे या घराला बल्ब महिन्याचे पाच-पन्नास रुपये वाचवून देत नाही. तो त्याला एका दरपत्रकातून दुसऱ्यात पडण्यापासून अडवतो. आणि हेच घर शंभर रुपयांचा बल्ब एकदम घेऊ शकत नाही, वीसाचा घेते. केंद्राने २०२१मध्ये ग्राम उजाला योजनेत काही राज्यांच्या खेड्यांत दहा रुपयांत एलईडी दिले, जुना तारेचा बल्ब परत घेऊन. 

म्हणून दुसरी मागणी. दारिद्र्यरेषेखालच्या प्रत्येक जोडणीला तीन चांगले एलईडी खात्याने मोफत द्यावेत, आणि बल्ब गेला तर लाइनमनकडून बदलून मिळावा. बदलून मिळणे महत्त्वाचे आहे. उजालाच्या बल्बांनाही तीन वर्षांची हमी होती, पण गेलेला बल्ब घेऊन कुठे जायचे हे खेड्यातल्या माणसाला कोणी सांगितले नव्हते. लाइनमन महिन्याकाठी पाड्यावर जातोच, मीटर वाचायला नाही तर तार जोडायला. त्याच्या पिशवीत चार बल्ब असायला काही हरकत नसावी. याचा खर्च सवलतीच्या दरावर राज्य दरवर्षी जे सोसते त्यातूनच काही अंशी सुटेल, कारण तेवढी युनिटे कमी पुरवावी लागतील.

बिलावरची ओळ हा विषय आपल्या एकट्याच्या हातातला नाही, याची कल्पना आहे. बिलावर काय छापायचे याची यादी महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या पुरवठा संहितेत असते. त्या यादीत एक ओळ वाढवून मागायला महावितरणने एक अर्ज करायचा आहे, आणि महावितरण आपल्या खात्याची कंपनी आहे. नवे दर लागू होताना बिलाची संगणक प्रणाली बदलावी लागतेच. त्याच वेळी हे करावे, वेगळा खर्च होणार नाही. मागणी मान्य नसेल तर का नाही, ते लेखी कळवावे. मी ते उत्तरही असेच छापून आणीन.

आपला,
महावितरणचा एक घरगुती ग्राहक